तोंडाचा कॅन्सर: पेट स्कॅनला निघण्याआधी

तोंडातली जखम भरेना, तुकडा तपासला आणि रिपोर्ट कॅन्सरचा आला, की घरात फोन सुरू होतात. त्यातला एक तरी सल्ला ठरलेला असतो: 'पहिलं पुण्याला जाऊन पेट स्कॅन करा, अख्ख्या अंगाचं कळतं.' सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण हा स्कॅन चुकीच्या वेळी केला तर पैसे जातात आणि आठवडे वाया जातात. कधी कधी तर नसलेला आजार दिसतो आणि असलेला नजरेतून सुटतो. वेळ बरोबर साधली, तर हाच स्कॅन एखादं मोठं निरर्थक ऑपरेशन टाळतो.

म्हणून कोणताही स्कॅन करण्याआधी डॉक्टरांना एक प्रश्न विचारा: याच्या निकालाने उपचार बदलणार आहे का? उत्तर 'हो' असेल तर उसनेपासने करूनही स्कॅन करा. 'नाही' असेल तर ते पैसे औषधांसाठी आणि खाण्यापिण्यासाठी राखून ठेवा.

सोलापूरकरांना हा विषय परका नाही. पिढ्यान्‌पिढ्या विडी वळणारी घरं, यंत्रमागाच्या पाळीत झोप मारायला दाढेखाली धरलेली तंबाखू, बायकांची मिश्री, टपरीवरचा मावा हे सगळं इथलंच. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी भारतातल्या पुरुषांमध्ये तोंडाचा कॅन्सर आजही अगदी वरच्या रांगेत आहे. दुसरी बाजूही इथलीच. बार्शीत १९८२ पासून नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल उभं आहे आणि ग्रामीण भागातल्या कॅन्सरची देशातली पहिली लोकसंख्याधारित नोंदणी १९८७ मध्ये बार्शीतच सुरू झाली. त्यामुळे पहिल्या तपासणीसाठी लगेच मुंबई गाठायची गरज बहुतेकांना पडत नाही.

आधी तुकडा, मग फोटो

'तुकडा काढला की कॅन्सर पसरतो' हा समज अजून गेलेला नाही. तो चुकीचा आहे. तुकड्याशिवाय म्हणजे बायोप्सीशिवाय कॅन्सरचं निदान होत नाही, आणि पेट स्कॅन बायोप्सीची जागा घेऊ शकत नाही. किडलेली दाढ, हिरडीतला पू, नुकताच काढलेला दात, क्षयाची गाठ हे सगळं पेटमध्ये कॅन्सरसारखंच चमकतं. आपल्याकडे क्षय किती आहे हे सांगायला नको. निदान पक्कं नसताना केलेला पेट बहुधा नव्या शंका घेऊन येतो.

क्रम असा ठेवा: डोकं-मानेच्या कॅन्सरच्या सर्जनकडून किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून नीट तपासणी, मग तुकडा, मानेत गाठ लागत असेल तर तिची सुईने तपासणी, आणि त्यानंतर स्कॅन. सुपारी-गुटख्यामुळे अनेकांचं तोंड दोन बोटंही उघडत नाही. अशा वेळी भूल देऊन आतून तपासावं लागतं. डॉक्टरांनी तसं सुचवलं तर ते टाळू नका. स्कॅनने ती कसर भरून निघत नाही.

स्टेज म्हणजे नेमकं काय

स्टेज ठरते ती तीन गोष्टींवर: मूळ गाठ, मानेतल्या गाठी आणि दूरवर पसरलेला आजार. रिपोर्टवर त्या टी, एन आणि एम अशा लिहिलेल्या असतात. २०१८ पासून लागू झालेल्या आठव्या आवृत्तीच्या नियमांत जखमेच्या रुंदीबरोबर तिची खोलीही मोजली जाते. २ सेंटिमीटरपर्यंतची जखम ५ मिलिमीटरपेक्षा जास्त खोल नसेल तर ती टी १. तेवढीच जखम ५ मिलिमीटरपेक्षा खोल गेली असेल तर ती टी २ होते. आरशात जखम बारीक दिसली म्हणून आजार बारीक असेलच असं नाही, हे यातून लक्षात येईल.

आणखी एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. डोकं-मानेच्या कॅन्सरमध्ये 'चौथी स्टेज' म्हणजे शेवट नव्हे. कॅन्सर जबड्याच्या हाडात किंवा गालाच्या कातडीत शिरला की तो चार-अ मध्ये मोजतात. त्यातले बरेच रुग्ण ऑपरेशनला योग्य असतात आणि पूर्ण बरं करण्याच्या हेतूनेच त्यांच्यावर उपचार होतात. आजार फुप्फुसासारख्या दूरच्या अवयवात गेला असेल तर ती चार-क. नुसता '४' आकडा ऐकून घाबरू नका, पुढचं अक्षर विचारा. स्कॅनची खरी कामगिरी या दोन टोकांमधला फरक दाखवण्यातच आहे.

कोणता फोटो कशासाठी

गालाचा आणि हिरडीचा कॅन्सर आपल्याकडे सर्वाधिक दिसतो. त्यासाठी पहिला फोटो बहुधा कॉन्ट्रास्ट देऊन केलेला मानेचा सीटी स्कॅन. जबड्याचं हाड किती खाल्लं गेलंय, गाठ मागे चावण्याच्या स्नायूंच्या जागेत शिरली आहे का, मानेत गाठी आहेत का, हे त्यात दिसतं. हा सीटी करताना रुग्णाला तोंडात हवा भरून गाल फुगवायला सांगतात. एरवी गाल आणि हिरडी एकमेकांना चिकटलेले असतात, त्यामुळे जखम नक्की कशातून उगवली ते कळत नाही. केंद्रात तशी सूचना मिळाली नाही तर स्वतःहून विचारा. याला एक पैसा जास्त लागत नाही.

जिभेचा कॅन्सर, कवटीच्या तळाकडे सरकलेला आजार किंवा नसेच्या कडेने पसरण्याची शंका असेल तर एमआरआय जास्त उपयोगी. दातांत धातूचं फिलिंग किंवा कॅप असेल तर सीटीत रेघा उमटून चित्र बिघडतं. त्या परिस्थितीतही एमआरआय कामी येतो. मात्र पेसमेकर किंवा शरीरात बसवलेली इतर धातूची वस्तू असेल तर आधीच सांगा.

पेट-सीटी हे दोन यंत्रांचं जोडकाम आहे. रुग्णाला एफडीजी नावाच्या, किंचित किरणोत्सारी साखरेचं इंजेक्शन देतात. कॅन्सरच्या पेशी साखर हावरटासारखी ओढतात, त्यामुळे त्या जागा पेटमध्ये उजळतात. पण नुसत्या उजळलेल्या ठिपक्यावरून तो हाडात आहे की शेजारच्या स्नायूत, हे समजत नाही. ते त्याच वेळी काढलेला सीटी सांगतो. दोन्ही यंत्रं एकाच टेबलावर आणण्याची ही कल्पना डेव्हिड टाउनसेंड आणि रॉन नट यांची. 'टाइम' मासिकाने २००० साली तिला त्या वर्षीचा वैद्यकीय शोध ठरवलं होतं.

पेटला जमत नाही ते असं: जखमेची खोली मिलिमीटरमध्ये मोजणं, नसेच्या कडेने चाललेला बारीक पसरट आजार टिपणं, आणि मेंदूतली लहान गाठ शोधणं. मेंदू स्वतःच एवढी साखर खातो की तिथली चमक वेगळी ओळखू येत नाही. त्यामुळे 'पेट केला, आता सीटी-एमआरआय कशाला?' या विचारात मोठी चूक आहे. उलट केंद्राला आधीच विचारा, 'पेटबरोबर मानेचा कॉन्ट्रास्ट सीटी पूर्ण दर्जाचा करणार का?' तसा होणार असेल आणि तुमचा सीटी अजून झाला नसेल, तर दोनदा खर्च करावा लागत नाही.

पेट कधी करावा

आजार पुढे गेलेला असेल तेव्हा. म्हणजे गाठ मोठी असेल, मानेत दोन्ही बाजूंना किंवा मानेच्या खालच्या भागात गाठी असतील, किंवा फुप्फुसाच्या फोटोत काही संशयास्पद दिसलं असेल. जबडा काढून पायाच्या हाडाने नवा बसवण्याचं दहा-बारा तासांचं ऑपरेशन ठरवण्याआधी आजार फुप्फुसात गेलेला नाही, याची खात्री हवी. मानेत कॅन्सरची गाठ सापडली पण मूळ कुठे आहे ते कळत नाही, अशा वेळीही पेट करतात. मूळ बहुधा टॉन्सिलमध्ये किंवा जिभेच्या मुळाशी दडलेलं निघतं. तंबाखू-विडीने तोंडापासून अन्ननलिकेपर्यंतचं आणि फुप्फुसाचं अस्तर एकाच वेळी भाजून निघतं, त्यामुळे काहींना दुसरा कॅन्सरही झालेला असतो. तोही पेटमध्ये सापडू शकतो.

पेट कधी नको

जखम लहान आहे आणि मानेत हाताला गाठ लागत नाही, तर बहुतेक वेळा पेटची गरज नसते. इथे एक फसवा युक्तिवाद ऐकू येतो: 'पेटमध्ये मान स्वच्छ आली, मग मानेचं ऑपरेशन कशाला?' याचं उत्तर मुंबईतच मिळालं. टाटा मेमोरियलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरच्या रुग्णांवर एक मोठा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. काही रुग्णांच्या मानेतल्या गाठी जखमेबरोबरच काढल्या. बाकीच्यांच्या मानेला गाठ दिसून येईपर्यंत हात लावला नाही. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के रुग्ण जिवंत होते, दुसऱ्या गटातले ६७.५ टक्के. वरून स्वच्छ वाटणाऱ्या मानेतही सूक्ष्म कॅन्सर असू शकतो. पाच-सहा मिलिमीटरपेक्षा बारीक गाठीतला आजार पेटलाही चुकवून जातो. सर्जन मान उघडायची म्हणत असतील तर पेटचा रिपोर्ट दाखवून त्यांना अडवू नका.

याला एक पर्याय काही निवडक केंद्रांत आहे. जखमेभोवती टेक्नेशियम या किरणोत्सारी द्रव्याचं सौम्य इंजेक्शन देतात आणि स्पेक्ट-सीटी या दुसऱ्या जोडयंत्रावर मानेतली पहिली राखणदार गाठ शोधतात. आधी तेवढीच काढून तपासतात. ही सोय आहे का, एवढं विचारायला हरकत नाही.

वेळ पाळणं इतकं महत्त्वाचं का

एफडीजीमधला फ्लोरीन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मा होतो. तो सायक्लोट्रॉन नावाच्या यंत्रात तयार करावा लागतो. भारतातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ साली मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाला. आज तशी यंत्रं अनेक शहरांत आहेत, तरी माल नाशवंतच. सोलापूर-पुणे अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. रस्त्यात पाच तास गेले तर निघताना असलेल्या मात्रेचा जेमतेम सहावा-सातवा हिस्सा उरतो. म्हणून केंद्रं ठरावीक दिवशी, ठरावीक वेळेचा हिशेब धरून मात्रा मागवतात. तुम्ही दोन तास उशिरा पोहोचलात तर तुमच्यासाठीची मात्रा वाया जाऊ शकते. बाहेरगावी जाणार असाल तर सकाळच्या हुतात्मा किंवा वंदे भारत एक्स्प्रेसच्या भरवशावर सकाळचीच वेळ घेऊ नका. दुपारची मागा, नाहीतर आदल्या दिवशी मुक्कामी जा. गाडी लेट झाली तर लगेच केंद्राला फोन करा.

आदल्या दिवसापासूनची तयारी

आदल्या दिवशी अंगमेहनत नको: शेतातलं काम, यंत्रमागाची पाळी, ओझी उचलणं, लांब चालणं, काहीच नाही. दमलेले स्नायूही साखर ओढतात. रात्रीच्या जेवणात गोड पदार्थ आणि भात कमी ठेवा.

स्कॅनच्या आधी सहा तास काही खायचं नाही. साधं पाणी चालतं, आणि ते भरपूर प्या. चहा, दूध, नारळपाणी, खोकल्याचं गोड औषध, लिमलेटची गोळी यातलं काही चालणार नाही. नाकातल्या नळीने अन्न जात असेल तर तेही तेवढाच वेळ बंद ठेवायचं. अशक्तपणा आला म्हणून वाटेत कुठल्याही दवाखान्यात ग्लुकोजची बाटली लावून घेऊ नका. त्यानंतर स्कॅनचा काही उपयोग राहत नाही.

मधुमेह असेल तर वेळ घेतानाच सांगा. रक्तातली साखर साधारण २०० च्या खाली असावी लागते. मेटफॉर्मिनमुळे आतडी चमकतात, म्हणून काही केंद्रं ती दोन दिवस आधी थांबवायला सांगतात. इन्सुलिनची वेळही बदलावी लागते. हे बदल डॉक्टरांना विचारून करायचे, मनाने नाही. कॉन्ट्रास्ट देणार असतील तर क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट सोबत ठेवा. दम्याचा त्रास किंवा औषधाची अॅलर्जी असेल तर तेही सांगा. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने हे पहिल्या फोनवरच कळवावं.

इंजेक्शननंतर तासभर शांत पडून राहायचं असतं. डोकं-मानेच्या रुग्णासाठी हा तास सगळ्यात मोलाचा. या वेळात बोललात तर जिभेचे आणि स्वरयंत्राचे स्नायू उजळतात, चघळलात तर जबड्याचे. मग कॅन्सर कुठला आणि स्नायू कुठला, याचा घोळ होतो. म्हणून फोन बंद, गप्पा बंद. तोंडात सुपारी, बडीशेप, तंबाखू काहीही नको. नातेवाइकांनीही धीर द्यायला म्हणून बोलत बसू नये. अंगावर पांघरूण घ्या. थंडी वाजली तर मानेतली चरबीही चमकते. स्कॅनला जाण्यापूर्वी लघवी करून घ्या. प्रत्यक्ष स्कॅन साधारण वीस-पंचवीस मिनिटांत होतो. यंत्राचं कडं रुंद आणि आखूड असतं, एमआरआयइतकं कोंडल्यासारखं वाटत नाही.

पेट-सीटीत मिळणारा किरणोत्सर्ग पद्धतीनुसार १० ते २५ मिलिसिव्हर्टच्या दरम्यान असतो. कॅन्सरच्या रुग्णाला गरजेपुरता तो मान्य आहे, पण हौसेने दर दोन महिन्यांनी घेण्याइतका कमीही नाही. स्कॅननंतर भरपूर पाणी प्या. त्या दिवशी लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून थोडं अंतर ठेवा. अकरा तासांत किरणोत्सर्ग चौसष्टाव्या हिश्श्यावर येतो. रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवायची किंवा त्याचं ताट वेगळं करायची काहीच गरज नाही.

रिपोर्ट हातात आल्यावर

पहिली नजर एसयूव्ही या आकड्यावर जाते. तो साखर ओढण्याचं मोजमाप आहे, स्टेज नव्हे आणि टक्केही नव्हेत. एसयूव्ही १२ म्हणजे ६ च्या दुप्पट वाईट, असा हिशेब नसतो. यंत्र, रक्तातली साखर, इंजेक्शननंतर गेलेला वेळ यांवर तो बदलतो. म्हणून पुढचा तुलनेचा स्कॅन शक्यतो त्याच केंद्रात करा.

मेंदू, हृदय, मूत्रपिंडं, मूत्राशय, टॉन्सिल आणि लाळग्रंथी निरोगी माणसातही कमी-अधिक उजळतात. छातीच्या मध्यभागी चमकणाऱ्या गाठी क्षयाच्या किंवा जुन्या संसर्गाच्या असू शकतात. म्हणून एखाद्या दूरच्या ठिपक्यावरून 'पसरलाय, आता काही होणार नाही' असा निकाल कुणी दिला तर थांबा आणि विचारा: या ठिपक्याची सुईने तपासणी झाली का? ज्या एका ठिपक्यामुळे उपचाराची दिशाच बदलते, तो तुकड्याने सिद्ध व्हायला हवा. उलटही होतं. मानेतली गाठ आतून सडून पोकळ झाली असेल तर ती फारशी चमकत नाही, तरी ती कॅन्सरची असते. आणि नुसत्या कागदावर विसंबू नका. सीडी किंवा फिल्म मागून घ्या. सर्जनला कागदापेक्षा चित्रं महत्त्वाची वाटतात.

शेक संपल्यानंतरचा पेट

केमो आणि शेक, म्हणजे रेडिएशन, संपलं की घरच्यांना लगेच निकाल हवा असतो. पण शेकाने सुजलेली जागाही चमकते. म्हणून शेक संपल्यावर १२ आठवडे थांबतात. ब्रिटनमध्ये ५६४ रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या थांबण्याची किंमत दिसली. केमो-रेडिएशननंतर सरसकट मानेचं ऑपरेशन करण्याऐवजी १२ आठवड्यांनी पेट-सीटी करून, गरज दिसली तरच ऑपरेशन केलं. पेटच्या गटातल्या २८२ जणांपैकी फक्त ५४ जणांना ऑपरेशन लागलं, आणि जगण्याचं प्रमाण कमी झालं नाही. मात्र यातले बहुतेक रुग्ण घशाच्या कॅन्सरचे होते आणि त्यांचा मुख्य उपचार केमो-रेडिएशन होता. गालाच्या कॅन्सरचं आधीच ऑपरेशन झालेल्यांना हा हिशेब जसाच्या तसा लागू होत नाही.

पैशाची आणि प्रवासाची बाजू

पेट-सीटीचा खर्च बहुधा दहा हजारांच्या पुढे जातो आणि केंद्रागणिक दर बदलतात. पैसे भरण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचा उपचार बसतो का आणि त्यात स्कॅनचा खर्च धरला आहे का, हे त्याच्याकडून आधीच कळून घ्या. आधी पैसे भरून नंतर परत मागायला गेलात तर चकरा मारत बसाल. विडी कामगाराचं ओळखपत्र असेल तर कामगार कल्याण दवाखान्यातही विचारा. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखाव्या लागतात. तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा.

उपचारासाठी किंवा फेरतपासणीसाठी जाणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्या एका माणसालाही मोठी सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. एसटीतही सवलत आहे.

डॉक्टरांना विचारायचे पाच प्रश्न

१. या स्कॅनने उपचारात नेमकं काय बदलू शकतं?
२. मानेचा सीटी किंवा एमआरआय वेगळा लागेल की यातच होईल?
३. तुकड्याचा रिपोर्ट, दात काढणं आणि स्कॅन यांचा क्रम कसा ठेवायचा? शेकाआधी दात काढायचे असतील तर पेट त्याच्या आधी करायचा का?
४. स्कॅनची तारीख मिळायला किती दिवस लागतील, आणि तोवर उपचार थांबवायचा का?
५. स्कॅन झाल्यापासून किती दिवसांत ऑपरेशन व्हायला हवं?

शेवटचे दोन प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत. फोटो चार-सहा आठवड्यांपेक्षा जुना झाला तर दरम्यान आजार पुढे सरकलेला असू शकतो, आणि सगळी तपासणी नव्याने करावी लागते. पेटची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळत असेल आणि सर्जन म्हणत असतील की सीटी आणि छातीच्या फोटोवर काम भागेल, तर ऑपरेशनची तारीख धरा. आणि तंबाखू आजच्या आज सोडा. चांगल्या स्कॅनने नीट ठरवलेल्या उपचाराचाही, तंबाखू चालू राहिली तर, हवा तसा गुण येत नाही.